गोळ्या कायमच्या आणि गाव सल्ल्यांचं: तुम्ही कसं निभावता?

गुहागरची_लेक

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आई गुहागर तालुक्यात एकटी राहते, मी डोंबिवलीला. दोन पावसाळ्यांपूर्वी तिची बोटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही, विळीवर बसून नारळ खवणं बंद झालं. त्या साली वाडीत चिकनगुनिया होता, त्यामुळे पहिले काही महिने 'तेच असेल' म्हणण्यात गेले. शेवटी चिपळूणला तपासण्या केल्या आणि आमवात निघाला, ऱ्हुमॅटॉइड. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हा मुळासकट जाणार नाही, पण आटोक्यात राहील. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, आणि ठरावीक काळाने रक्त तपासायचं. औषध लागू पडायला दोन-अडीच महिने गेले, पण पडलं. आता घावणे स्वतः घालते.

दुखणं एक वेळ परवडलं, लोक परवडत नाहीत. येणारा-जाणारा विचारतो, "अजून गोळ्या चालूच?" शेजारच्या मुलाने गोळीचं नाव मोबाइलवर शोधून 'काकी, ही तर कॅन्सरची गोळी' म्हणून सांगितलं. झालं, तिची झोप उडाली. त्यात शिमग्याला आलेल्या मामांनी बाजारात बसणाऱ्या कुणाकडून तरी पुड्या आणून दिल्या, 'एकवीस दिवसांत मुळापासून'. आणि गंमत म्हणजे तिला खरंच छान वाटतंय. भूक वाढलीय, चेहरा भरलाय. आता म्हणते, चिपळूणच्या गोळ्या कशाला?

ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला असं जन्माचं दुखणं आहे (साखर, बीपी, फिट्स, त्वचेचं, काहीही), ते गावात राहून कसं निभावता? गोळ्या, तपासण्या, पथ्यं, आणि मुख्य म्हणजे पाहुणे.

तिरफळ

पुडी घेतल्यावर किती वेळात आराम पडला? दुसऱ्याच दिवशी असेल तर मला दाट संशय आहे.

भिरंडाचं_सरबत

'चेहरा भरलाय' म्हणजे आमच्याकडे तब्येत सुधारली. मामांचा वाडीतला भाव वधारला असणार.

गुहागरची_लेक

@तिरफळ, हो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. मामा तेव्हापासून फोनवर सगळ्यांना सांगतायत.

लाल_माती

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) नर्स आहे. डॉक्टर नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असणं हे नवीन नाही. सूज झपाट्याने उतरते, भूक खवळते, चेहरा गोल होतो. लोकांना वाटतं औषध रामबाण. पुढे साखर चढते, बीपी चढतं, हाडं ठिसूळ होतात, साधी जखम चिघळते. तुमच्या आईच्या पुडीत तेच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण लक्षणं त्याच वाटेची आहेत.

आता महत्त्वाचं. पुड्या आज रात्रीपासून एकदम बंद करायला लावू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर उलट्या, गळून जाणं, बीपी उतरणं, प्रसंगी जिवावर बेततं. उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि लवकर जा. साखर आणि बीपी तपासून घ्या. कमी कसं करायचं ते डॉक्टर सांगतील.

कॅन्सरच्या गोळीचं म्हणाल तर तो मुलगा अर्धं बरोबर बोलला. मेथोट्रेक्सेट १९४० च्या दशकाच्या अखेरीस कॅन्सरसाठीच आलं. तिथले डोस फार मोठे असतात. आमवाताला आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम देतात. अमेरिकेत या आजारासाठी १९८८ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे हे काही कालचं औषध नाही.

भ्यायचं असेल तर एका गोष्टीला भ्या: आठवड्याची गोळी चुकून रोज घेणं. तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. म्हातारं माणूस, डोळ्याला कमी दिसतं, दुकानदार घाईत, आणि घरी सांगणारं कुणी नाही. तेव्हा वार पक्का करा आणि पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात वार लिहा. ताप आला, तोंड आलं, दम लागायला लागला तर त्या आठवड्याचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा.

अडुळसा

लाल_माती यांच्या पुडीबद्दलच्या इशाऱ्याशी सहमत. पण असे धागे नेहमी 'आयुर्वेद म्हणजे पुडीवाला' या वळणावर जातात, म्हणून आधीच लिहितो. माझे आजोबा वैद्य होते. आमवात वेगळा, संधिवात वेगळा, वातरक्त वेगळं, हे आयुर्वेद फार पूर्वीपासून सांगत आलाय. नोंदणी असलेला वैद्य औषधाचं नाव लिहून देतो, पावती देतो, पत्ता असतो. बाजारात चादर टाकून बसणारा वैद्य नव्हे.

आणि खरा वैद्य 'एकवीस दिवसांत मुळापासून' कधी म्हणत नाही. आजोबा तर रोग्याला म्हणायचे, "पथ्य किती पाळशील ते आधी सांग, मग मी औषधाचं सांगतो."

लाल_माती

@अडुळसा, मान्य. फक्त दोन्हीकडची औषधं चालू असतील तर दोघांनाही सांगा. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याच्या यकृताचे आकडे आम्ही बघत असतो. आकडे वाढले आणि घरात कुठला काढा चालू आहे हेच माहीत नसेल तर डॉक्टर अंधारात चाचपडतात.

बांगडो_तिखलो

आमच्या म्हातारेचा बीपी. गोळी देवक गेलंय की म्हणता, "आज माका बरा वाटता, गोळी कित्याक?" अगो, बरा वाटता ता गोळीमुळा! सांगान सांगान तोंड दुखला. आनी डॉक्टरान खारो बांगडो बंद सांगल्यान तर म्हणता, "मगे जगान काय करू?"

(शुद्ध मराठीत पुढे.) बीपीचं हेच वाईट आहे, वाढलं तरी बहुतेकांना काही कळत नाही. आम्ही भांडण सोडलं आणि मीठ मोजायला लागलो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा, तोही भरून नाही. आमच्याकडे पेजेबरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा, खारातली कैरी, भाजलेला पापड. हे एका वेळच्या ताटातच संपतं. आता ताजा मासा कितीही, सुकं फक्त पावसात, तेही भिजवून पाणी ओतून. भिजवल्याने मीठ थोडंच जातं, सगळं नाही. पण 'बंद' म्हटलं की ती लपवून खायची. आता समोर बसून कमी खाते.

भिरंडाचं_सरबत

लपवलेलं सुकट सापडत नाही असं कधी झालंय का? वास आहे की तो.

हर्णै_बंदर

मला सोरायसिस आहे, कॉलेजपासून. कोपर, गुडघे, डोकं. लोक परवडत नाहीत हे वाचून म्हटलं आपण लिहिलंच पाहिजे.

हा संसर्गजन्य नाही. शिवून होत नाही, एका टॉवेलने होत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेला घाई करायला लावते, नवी त्वचा जुनी गळण्याआधीच वर येते, मग खवले. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता पाठ झालंय. तरी गावातल्या केस कापणाऱ्याने एकदा मला बसवण्याआधी खुर्चीवर पेपर अंथरला. काही बोलला नाही, पेपर नीट चारी कोपरे दुमडून घातला आणि म्हणाला, बसा. मी बसलो. पुढच्या महिन्यात डॉक्टरांची मराठीत लिहिलेली चिठ्ठी त्याला वाचायला दिली. आता पेपर नसतो, गप्पा असतात.

दोन गोष्टी अनुभवाच्या. मेडिकलवाल्याने परस्पर दिलेली 'सगळ्यावर एकच' ट्यूब लावू नका. तिच्यात कडक स्टेरॉइड असतं, आठ दिवस चकाचक आणि थांबवली की दुप्पट उसळतं. दुसरं, आपल्या दमट हवेत मला पावसाळा बरा जातो, डिसेंबर-जानेवारीत खवले वाढतात. त्यामुळे दिवाळी झाली की आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन चोपडतो. ऊन थोडं घेतो, भाजेपर्यंत नाही. अतिनील किरणांचा उपचार खूप मानवला होता, पण आठवड्यातून दोन-तीनदा शहरात जायचं म्हणजे तिथे खोली घेऊनच राहायला हवं.

आणि धागाकर्तीसाठी: तुमच्या आईची ती 'कॅन्सरची गोळी' मीही घेतो. तीच. बुधवारी. शिमग्यालाही ग्लास उपडा, कारण यकृत.

गुहागरची_लेक

@हर्णै_बंदर, हे आईला वाचून दाखवणार. एकटी आपणच ती गोळी घेतो असं तिला वाटतंय.

खाडीपलीकडे

सगळे पुडीवाल्याला शिव्या घालतायत, मी दुसरी बाजू मांडतो.

माझ्या वडिलांना साखर आहे. तालुक्याच्या गावी जायचं तर सकाळची पहिली एसटी, खाडी ओलांडून. नंबर लावायचा. तज्ज्ञ डॉक्टर ठरावीक दिवशीच. दुपारी आत बोलावतात, रिपोर्ट बघतात, "साखर वाढलीय, खाण्यावर लक्ष द्या", चिठ्ठी, पुढचा. वडिलांनी रात्री उजळणी करून ठेवलेले प्रश्न पोटातच राहतात. रोजगार बुडतो तो वेगळाच. एकदा तर मशीन बंद म्हणून नुसतेच परत आलो. आणि पुडीवाला? तो दारात बसतो, चहा घेतो, नाडी बघतो, झोप कशी लागते विचारतो, सून नीट वागते का तेही विचारतो. पाऊण तास. माणसं पुडीला जात नाहीत, त्या पाऊण तासाला जातात.

जन्मभराचा आजार म्हटल्यावर जन्मभर कुणीतरी विचारपूस करणारं हवं. ते आपल्याकडे कुठल्या खिडकीवर मिळतं?

लाल_माती

@खाडीपलीकडे, यावर माझ्याकडे उत्तर नाही, जे खरं आहे ते खरं आहे. पण थोडं जमण्यासारखं आहे. चालू गोळ्या, म्हणजे साध्या बीपी-साखरेच्या, उपकेंद्रात आणि पीएचसीत फुकट मिळतात. त्यासाठी तालुका गाठायची गरज नाही. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे नाहीत. ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं, उपकेंद्रातल्या ताई जोडून देतात. रेंज असली तर. (आमच्याकडे बिल्डिंगच्या मागच्या फणसाखाली येते.) आणि प्रश्न कागदावर लिहून न्या आणि आत शिरल्या शिरल्या तो कागद टेबलावर ठेवा. बोलायला वेळ नसतो, पण समोर कागद आला की डॉक्टर वाचतातच.

सातेरीचा_भाट

मी वेंगुर्ल्याकडचा. मला हत्तीपाय आहे, डावा. इथे सहसा लिहीत नाही, पण जे कधी बरं होणार नाही ते कसं सांभाळायचं हे विचारलंय, तर माझा पाय हेच त्याचं उत्तर आहे.

डासातून येणारा कृमी. गटाराच्या घाण पाण्यातला क्युलेक्स डास. आमच्याकडे रात्रीचं रक्त घ्यायला पथक यायचं, कारण ते जंतू रात्रीच रक्तात वर येतात. तेव्हा आम्ही पोरं हसायचो आणि गोळ्या माडाच्या मुळात टाकायचो. गोळ्यांनी जंतू मरतात, पण एकदा रसवाहिन्या बिघडून पाय सुजला की ती सूज माघारी जात नाही. कुणीही काहीही सांगो.

मग काय राहतं? पाय चिघळू न देणं. खरा त्रास सुजेचा नाही, तापाच्या झटक्याचा. बोटांच्या बेचक्यात चीर पडते, तिथून जंतू शिरतात, मग हुडहुडी, पाय लालभडक, चार-पाच दिवस अंथरूण. प्रत्येक झटक्याने पाय थोडा आणखी जाड. झटका टाळला की पाय तिथेच थांबतो.

रोज रात्री परसदारी बसतो. बालदीत गार किंवा कोमट पाणी, साधा साबण, हाताने हळू धुणं, घासायचं नाही. सूज वर जिथे सुरू होते तिथून खाली पावलाकडे, वळ्यांमध्ये बोट घालून. मग जुन्या सुती लुंगीचा मऊ तुकडा. बेचकी टिपून टिपून कोरडी. हेच लोक विसरतात, धुतात आणि ओलंच सोडतात. ओलं राहिलं तर न धुतलेलं बरं. बायको बॅटरी धरते, मी बोटं फाकवून चीर बघतो. चीर असली तर मलम. मग घोटा वर-खाली, गोल फिरवणं, टाचा उचलणं. झोपताना पायाखाली उशी. झटका आला असेल त्या दिवसांत व्यायाम नाही, शेक तर अजिबात नाही, आराम, गार पाणी आणि डॉक्टर.

भातलावणी सोडली. त्या चिखलात हा पाय घालणं म्हणजे आमंत्रण, आणि गमबूट या पायात शिरत नाही. आता काजू बघतो. मोठ्या मापाची चप्पल कुडाळला चांभाराकडून पट्टा वाढवून घेतो.

धुणं नेमाने सुरू केल्यापासून झटके जवळजवळ थांबलेत. पाय आहे तेवढाच आहे.

काजूची_बी

@सातेरीचा_भाट, दंडवत. सरकारी दवाखान्यात हा पाय धुण्याचा संच देतात, बालदी-मग-टॉवेल-साबण, मिळाला का?

सातेरीचा_भाट

मिळाला होता. बालदी सासरवाडीला गेली.

नाचणीचं_सत्त्व

धागा फार गंभीर झाला. एक व्यावहारिक प्रश्न: साखरवाल्यांनी उकड्या तांदळाची पेज घ्यावी की नाही? आमच्या आत्या म्हणतात उकड्याने साखर वाढत नाही.

काजूची_बी

माझा मुलगा टाइप वन आहे, सातवीत, कुडाळजवळ राहतो. त्यामुळे आमच्या घरात मत चालत नाही, ग्लुकोमीटर चालतो. उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा थोडा हळू चढतो, पण भात तो भातच. पातेलीभर पेज प्यायली तर चढणारच. नाचणी, कुळथाची पिठी, मासा बरोबर असेल तर बरं जमतं. प्रत्येकाचं शरीर वेगळं, म्हणून खाऊन दोन तासांनी मोजा आणि आत्यांना आकडा दाखवा.

नाचणीचं_सत्त्व

आत्या मशीनवर विश्वास ठेवत नाहीत. तिच्यात सेल घालतो म्हणजे ती खेळणं आहे असं त्यांचं मत.

भिरंडाचं_सरबत

आणि हापूस? कुणीतरी धीर करून विचारायलाच हवं ना.

बांगडो_तिखलो

मे महिन्यात देवगडात बसून 'आंबो नको' म्हणणाऱ्याक नरकातसुद्धा जागा गावची नाय.

काजूची_बी

आंबा जेवणावर नाही, जेवणाऐवजी थोडा. फोडी मोजून. रस काढून वाटीने नाही. फणस आला की पुन्हा हेच भांडण.

बाकी टाइप वनला 'गोळी बंद' हा पर्यायच नाही, इन्सुलिन नाही तर जगणं नाही. म्हणून पाहुण्यांचं मी फार ऐकत नाही. माझी डोकेदुखी आहे वीज. पावसात माड पडला की लाइट दोन-तीन दिवस गायब. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि गोठलं की फुकट, त्यामुळे बर्फात खुपसूनही चालत नाही. आम्ही मातीची दोन मडकी केलीत, एकात एक, मधे ओली वाळू, वर ओला पंचा. वापरात काढलेली कुपी साधारण चार आठवडे घरच्या हवेत टिकते, ऊन लागू द्यायचं नाही. राहिलेला साठा डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये, त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे.

गणपतीत मुलाला मोदक देते, मोजून, आणि त्या हिशोबाने इन्सुलिन. आरतीला उड्या मारून साखर उतरते, त्यासाठी त्याच्या खिशात साखरेची पुडी. हात थरथरले, घाम फुटला की तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी. भजनातल्या सगळ्या पोरांना हे माहीत आहे. एकदा त्यांनीच त्याला बसवून साखर भरवली, मला नंतर कळलं.

कातळावरचा

माझ्या धाकट्या भावाला फिट्स येतात. इथे देवाचा विषय निघाला नाही याचं आश्चर्य वाटलं.

पहिली फिट आली तेव्हा गावाने 'बाहेरचं' ठरवलं. कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, कोंबडा झाला. मी विरोध केला नाही, आईच्या मनाला बरं वाटलं. आमचे गुरव मात्र शहाणे. गाऱ्हाणं घालून झाल्यावर सगळ्यांदेखत भावाला म्हणाले, "देवाने राखण केली, आता गोळी चुकवू नकोस, ती देवाची आज्ञा." डॉक्टरांनी चारदा सांगून जे झालं नाही ते तिथे झालं.

औषध नीट घेतलं तर दहातल्या सातजणांच्या फिट्स थांबू शकतात. भावाच्या थांबल्यात. आणि 'कायमची गोळी' हे इथे दरवेळी खरं नाही. काहींची दोन-एक वर्षं फिट न आल्यावर डॉक्टर हळूहळू कमी करून बंदही करतात. आपल्या मनाने एका दिवसात बंद केली की मात्र पुन्हा येण्याचा धोका मोठा.

काय सोडलं: होडीवर एकट्याने जाणं, माडावर चढणं, रहाट नसलेल्या विहिरीवर वाकून पाणी काढणं, जागरण. दशावतार रात्रभर बघणं सोडताना त्याला जास्त वाईट वाटलं, होडीचं काहीच नाही.

चूल_आणि_वैल

फिट आलेल्याच्या नाकाला कांदा लावतात ते?

कातळावरचा

नाही. कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी.

मोडी_वाचक

पुडीवाल्याच्या 'मुळापासून' जाहिरातीबद्दल: असे दावे रोखायला १९५४ चा कायदा आहे. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, संधिवात, अंडवृद्धी अशा आजारांची यादीच त्यात आहे, त्यांवर उपचाराची जाहिरात करता येत नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. मामांच्या विरोधात नव्हे, घाबरू नका.

खाडीपलीकडे

यादीतले सगळे आजार आमच्या बाजाराच्या कुंपणावर एकाच फलकावर रंगवलेत. खाली मोबाइल नंबर.

गुहागरची_लेक

आज सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. गेल्या शनिवारी गावी गेले होते, त्याचं सांगते.

पुड्या घेऊन पीएचसीत गेलो, मग चिपळूणला. साखर वाढलेली निघाली, आधी कधीच नव्हती. बीपीही वर. डॉक्टर म्हणाले स्टेरॉइडच दिसतंय, आणि एकदम न तोडता स्वतः मोजून स्टेरॉइड देऊन महिनाभरात उतरवत नेणार आहेत. आईला ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "काकी, ही सूज पुडीने दाबून ठेवली होती, आता थोडी डोकं वर काढेल, तेव्हा घाबरून पुन्हा तिकडे जाऊ नका." ती लगेच म्हणाली, "मग फोन कुणाला करू?" तर त्यांनी तिथल्या सिस्टरांचा नंबर दिला. खाडीपलीकडे यांनी लिहिलं होतं तेच आलं समोर. तिला औषधाइतकाच फोन हवा होता.

गोळीचा वार रविवार ठेवला, कारण रविवारी मी फोन करतेच. कालनिर्णयवर रविवारच्या चौकटीत लाल खूण करायची, गोळी घेतल्यावर. चौकटीत खूण असेल तर दुसरी गोळी नाही. बाकीच्या दिवशी ते पाकीट काकूंकडे असतं, हे आशाताईंनी सुचवलं.

मामांना मीच फोन केला. पुडीत काय होतं ते सांगितलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पण माझे गुडघे तिच्यानेच बरे आहेत ना." म्हणजे तेही घेतायत.

तिरफळ

अरे देवा. मामांचीही साखर बघा.

लाल_माती

मामांनाही तेच सांगा, एकदम थांबवायचं नाही, आधी डॉक्टर. आणि @गुहागरची_लेक, फॉलिक ॲसिड कोणत्या दिवशी सांगितलंय ते पाकिटावर लिहिलंय ना? बरेचदा रविवारी दोन्ही एकदम घेतलं जातं. शिवाय पावसाळ्याआधी फ्लूच्या लशीबद्दल चिपळूणलाच विचारून घ्या.

गुहागरची_लेक

फॉलिक सोमवारी आणि मंगळवारी, लिहिलंय. लशीचं विचारते. शृंगारतळीला रक्ताचा नमुना देऊन रिपोर्ट चिपळूणच्या डॉक्टरांना मोबाइलवर पाठवता येतो का, कुणाला अनुभव आहे का? आईची पुढची तपासणी जूनमध्ये आहे आणि तेव्हा घाटीचा रस्ता नको वाटतो.

चूल_आणि_वैल

आमचे काका तसंच करतात. नमुना सकाळी लवकर द्या, दुपारच्या गाडीने जातो. आणि रिपोर्टचा फोटो उजेडात काढायला सांगा, गेल्या वेळी काकांचं हिमोग्लोबिन डॉक्टरांनी ७ वाचलं, ते ११ होतं.